लहान लॅपटॉपवर नवं लिनक्स: सुरक्षेसाठी काय बसवायचं आणि काय टाळायचं

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते, ती जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा नसते. त्यामुळे २ किंवा ४ जीबी रॅमचा, ३२ किंवा ६४ जीबी साठवणुकीचा लहान लॅपटॉप घरात असेल, तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत यंत्रणा चढवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या विद्यार्थ्यांना आणि छोट्या दुकानदारांना तो परवडतोही. मात्र लिनक्स चढवल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, "आता अँटिव्हायरस कुठला टाकू?"

पहिल्या दिवशी कुठलाच नको. लिनक्सच्या घरगुती लॅपटॉपवर धोका बहुतेक वेळा आपल्याच हातून आत येतो. खोट्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकला जातो, कुठूनतरी उचललेली कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवली जाते, महिनोन्महिने अपडेट राहून जातात. यातलं काहीच पाठीमागे सतत चालणाऱ्या अँटिव्हायरसने थांबत नाही, उलट लहान यंत्राची अर्धी रॅम तो खाऊन बसतो. म्हणून खालचा क्रम पाळा आणि व्हायरस स्कॅनर शेवटी, गरजेपुरता बसवा.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. इथल्या पायऱ्या त्यातल्या लिनक्स मिंट २२ मालिकेच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीसाठी आहेत. ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबीवर नीट चालते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये एक मोकळी जागा सोडून द्यायच्या.

चढवण्याआधी: फाइल खरी आहे ना?

मिंट ज्या फाइलवरून चढवतात ती आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन दिवसांचा डेटा त्यात जातो, म्हणून बरेचजण ती मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतात. घ्या, हरकत नाही, पण तपासल्याशिवाय वापरू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन डाउनलोडचा दुवा बदलला गेला होता आणि चोरवाट घातलेली १७.३ सिनॅमन आवृत्ती लोकांच्या हाती पडली होती. अधिकृत जागेचं असं झालं, तर हातोहाती फिरणाऱ्या पेनड्राइव्हवर डोळे झाकून विसंबता येत नाही.

तपासणी अशी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "सर्टयुटिल हायफन-हॅशफाइल", पुढे आयएसओ फाइलचं नाव, शेवटी "एसएचए२५६" असं द्या. मिनिटभरात ६४ अक्षरांची एक लांब ओळ येईल. मिंटच्या अधिकृत पानावर त्याच आवृत्तीसमोर जी ओळ दिली आहे, तिच्याशी ती जुळवा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं पाहून समाधान मानू नका, पूर्ण ओळ जुळवा. फाइल मित्राकडून आणि ओळ अधिकृत पानावरून, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी आल्यामुळे या तपासणीला वजन येतं. ओळ जुळली नाही तर बहुधा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. कारण काहीही असो, ती फाइल पुसा आणि नव्याने आणा.

चढवताना: डिस्कला कुलूप

लॅपटॉप एसटीत विसरला, वसतिगृहातून चोरीला गेला, तर लॉगिनचा पासवर्ड काही कामाचा नाही. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून कोणीही तुमच्या फाइली वाचू शकतो. त्यावर इलाज एकच, पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन. ते चढवतानाच करायचं असतं, नंतर करायचं म्हटलं तर सगळं पुसून पुन्हा चढवावं लागतं. इन्स्टॉलरमध्ये "इरेज डिस्क" निवडल्यावर खाली "अॅडव्हान्स्ड फीचर्स" बटण आहे. त्यात "एलव्हीएम" निवडा आणि त्याखालच्या एन्क्रिप्शनच्या चौकटीत खूण करा. यात डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा जुने फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

त्याआधी प्रोसेसरला हे झेपेल का ते पाहा. पेनड्राइव्हवरून मिंट चालू असतानाच टर्मिनलमध्ये "एलएससीपीयू" द्या. "फ्लॅग्ज" च्या ओळीत ए-ई-एस ही तीन अक्षरं सुटी दिसली, तर एन्क्रिप्शनमुळे जाणवण्याइतका फरक पडणार नाही. ती नसतील, जसं काही जुन्या अॅटम आणि सेलेरॉनवर होतं, तर फाइल उघडताना यंत्र रेंगाळेल. तरीही बँकेची कागदपत्रं लॅपटॉपवर ठेवणार असाल तर हा रेंगाळा सोसावा असं आम्हाला वाटतं.

पासवर्डची एक खास अडचण आपल्या भागात येते. इथे एकाच लॅपटॉपवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कळफलक लावलेले असतात. मिंटमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी "कगप फोनेटिक" कळफलक तयार मिळतो, त्यामुळे लोक तो हौसेने लावतात. पण एन्क्रिप्शनचा पासवर्ड यंत्र सुरू होतानाच मागितला जातो आणि तेव्हा कळफलक बदलायची सोय नसते. म्हणून तो फक्त इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवा. अॅट-चिन्ह, अवतरणचिन्ह अशी चिन्हं टाळा, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन कळफलकावर त्यांच्या जागा वेगळ्या असतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले की लांबी आणि आठवण दोन्ही साधतात. लॉगिनच्या पडद्यावर बरोबर पासवर्ड वारंवार नाकारला जात असेल, तर आधी वरच्या पट्टीतली भाषा बघा. दहातल्या नऊ वेळा कळफलक मराठीवर अडकलेला असतो.

हा पासवर्ड विसरलात तर डिस्क उघडून देणारा कोणी नाही, दुकानदारही नाही. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र नको.

पहिला तास: अपडेट

उजव्या कोपऱ्यातलं ढालीचं चिन्ह म्हणजे अपडेट मॅनेजर. नव्या यंत्रावर पहिलं अपडेट अर्धा ते एक जीबीचं निघतं, म्हणून डेटा शिल्लक पाहूनच बसा. सुरुवातीला अपडेट मॅनेजर स्वतःचंच अपडेट मागेल, ते आधी होऊ द्या. मग "एडिट" मधून "सॉफ्टवेअर सोर्सेस" उघडा आणि मुख्य व बेस अशा दोन्ही सर्व्हरसाठी जवळचा, वेगवान मिरर (त्याच सर्व्हरची प्रत) निवडा. इंटरनेट धिमं असलेल्या गावात यामुळे बराच वेळ वाचतो. शेवटी "इन्स्टॉल अपडेट्स".

पुढे "एडिट", "प्रेफरन्सेस", "ऑटोमेशन" या पानावर दोन गोष्टी चालू करा. एक, अपडेट आपोआप लावणं. दुसरी, जुने कर्नेल (यंत्रणेचा गाभा) आणि निरुपयोगी पॅकेज आपोआप काढणं. ही दुसरी खूण लोक सोडून देतात आणि मग फसतात. एन्क्रिप्ट केलेल्या यंत्रात "बूट" चा भाग वेगळा आणि लहान असतो. अपडेटमधून अधूनमधून नवा कर्नेल येतो, जुने साठत जातात, आणि एके दिवशी जागा संपल्यामुळे अपडेट मध्येच अडकतं. तसं झालंच तर "व्ह्यू" मधून "लिनक्स कर्नेल्स" उघडून जुने काढा. सध्या चालू असलेला आणि त्याच्या लगेच आधीचा एक, असे दोन ठेवायचे.

आता लाईट जाण्याबद्दल. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाचा जोर असतो, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. अपडेट चालू असताना यंत्र धाडकन बंद पडलं तर पॅकेज अर्धवट राहतात. पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर चूक दाखवतो. घाबरून सगळं पुन्हा चढवू नका. टर्मिनलमध्ये "सुडो डीपीकेजी हायफन-हायफन-कॉन्फिगर हायफन-ए" द्या, पासवर्ड टाका (टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं), आणि पूर्ण होऊ द्या. मग "सुडो एपीटी हायफन-एफ इन्स्टॉल". बहुतेक वेळा एवढ्यात काम भागतं. "लॉक मिळत नाही" अशी तक्रार आली, तर मागे दुसरं अपडेट चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो, पण चालू अपडेटच्या मध्ये ती पुसली तर यंत्रणा खरोखर मोडते.

फायरवॉल: दोन मिनिटांचं काम

मिंटमध्ये फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा) आधीपासून बसवलेला असतो, पण बंद असतो. मेनूमध्ये "फायरवॉल कॉन्फिगरेशन" शोधा, पासवर्ड द्या, "स्टेटस" चालू करा. "इनकमिंग" ला "डिनाय", "आउटगोइंग" ला "अलाऊ". झालं. घर, कार्यालय आणि सार्वजनिक असे तीन प्रोफाइल आहेत. प्रत्येकात एकदा पाहून घ्या. जास्त कडक करण्याच्या नादात "आउटगोइंग" ही "डिनाय" केलं की इंटरनेटच बंद होतं, आणि दोष वायफायवर जातो.

फायरवॉल चालू केल्यावर दोन गोष्टी थांबल्यासारख्या वाटतील. मिंटचं वार्पिनेटर वापरून दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल जात नसेल, तर वार्पिनेटरच्याच प्रेफरन्सेसमध्ये फायरवॉलचे नियम लावायचं बटण आहे. केडीई कनेक्टने फोन जोडत असाल तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडावे लागतात. फक्त घरच्या प्रोफाइलमध्ये उघडा आणि बसस्टँड किंवा कॉलेजच्या वायफायवर सार्वजनिक प्रोफाइल स्वतः निवडा, म्हणजे तिथे ते बंद राहतील.

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं

इथे थोडं थांबायला हवं, कारण लिनक्सवर खरी सुरक्षा इथेच ठरते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं ते तिथूनच घ्या. त्यातली फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं सगळं सोबत घेऊन येणारी वेगळ्या बांधणीची सॉफ्टवेअर, दोन प्रकारची असतात. मूळ निर्मात्याने स्वतः दिल्याची खात्री झालेली, आणि तशी खात्री नसलेली. मिंट २२ ने दुसरी आपणहून लपवली आहेत. ती खूण बदलू नका. शिवाय फ्लॅटपॅक जागा फार खातात, ३२ जीबीच्या यंत्रावर दोन-तीन पुरे.

पीपीए (अधिकृत भांडाराबाहेरचा, कुणीही चालवलेला सॉफ्टवेअर-संग्रह) जोडा, ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा, असं सांगणारी मार्गदर्शनं ढिगाने आहेत. पीपीए जोडणं म्हणजे अनोळखी माणसाला तुमच्या यंत्रात सर्वाधिकार देणं. तो आज सज्जन असेल, उद्या त्याचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलं तर? जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी भरलेल्या संग्रहात ब्राउझरच्या नावाने दूरनियंत्रणाचं घातक सॉफ्टवेअर चढवलेलं सापडलं, ते अनोळखी माणसाकडूनच. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात चोरवाट घातली गेली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला म्हणून ती उघड झाली. ती तोवर चाचणीच्या आणि सतत ताज्या होणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोचली होती. स्थिर आवृत्त्या वाचल्या. नवख्याने सगळ्यात ताज्याच्या मागे न लागता स्थिर आवृत्तीवर राहावं, ते यासाठीच.

"कर्ल" किंवा "डब्ल्यूगेट" ने सुरू होऊन उभ्या रेघेनंतर "सुडो बॅश" ने संपणारी ओळ दिसली की हात आवरा. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, त्यासाठी टर्मिनल उघडून हे चिकटवा" असं सांगणारं पान निव्वळ सापळा असतं. कोणतंही खरं संकेतस्थळ असं सांगत नाही.

नुडीसारखं कन्नड टायपिंगचं विंडोज सॉफ्टवेअर लागतं म्हणून वाइन (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं साधन) बसवावं लागलं, तर लक्षात ठेवा की वाइनमधून विंडोजचे काही व्हायरसही चालतात आणि ते तुमच्या होम फोल्डरपर्यंत पोचू शकतात. नुसतं कन्नड टाइप करायचं असेल तर वाइनची गरजच नाही, वर सांगितलेला कगप कळफलक आणि युनिकोड पुरतो.

ब्राउझर आणि पासवर्ड

फायरफॉक्समध्ये "अॅड-ऑन्स अँड थीम्स" उघडा आणि "यूब्लॉक ओरिजिन" शोधा. निर्माता रेमंड हिल आणि शेजारी "रेकमेंडेड" ची खूण असलेलंच घ्या, नावाशी साधर्म्य असलेली बरीच आहेत. खोट्या डाउनलोड-बटणांच्या जाहिराती त्याने जातात, आणि पानं हलकी झाल्यामुळे ४ जीबीच्या यंत्रावर रॅमही वाचते. एकाच वेळी दोन कामं करणारं इतकं उपयोगी दुसरं सुरक्षा-सॉफ्टवेअर लहान लॅपटॉपसाठी नाही. मग सेटिंग्जमधल्या "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" मध्ये "एचटीटीपीएस-ओन्ली" सर्व खिडक्यांसाठी लावा.

सीमाभागात एकाच घरात कर्नाटकच्या सेवा सिंधू आणि भूमीचा उतारा आणि महाराष्ट्राच्या महाडीबीटी, असा दोन्ही राज्यांच्या संकेतस्थळांचा वापर असतो. तिन्हींचे खरे पत्ते "डॉट जीओव्ही डॉट इन" ने संपतात. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं "एचटीटीपीएस" आणि त्याच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा महत्त्वाचा. "सेवासिंधू", "कर्नाटक", "गव्ह" हे सगळे शब्द असून शेवट "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑनलाइन" असेल तर ते सरकारी पान नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" वर यायला सांगितलं होतं, तेव्हा नेटबँकिंगच्या वेळी तो शेवट पाहा आणि पत्ता एकदा बुकमार्क करून तिथूनच जा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पासवर्डसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून कीपासएक्ससी घ्या. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात, इंटरनेट लागत नाही. त्या एका फाइलची प्रत पेनड्राइव्हवर असलीच पाहिजे.

घरात लहान मुलं तोच लॅपटॉप वापरत असतील तर त्यांना "स्टँडर्ड" प्रकारचं वेगळं खातं काढून द्या, "अॅडमिनिस्ट्रेटर" नको.

आता व्हायरस स्कॅनर, आणि झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह

स्कॅनर बसवायचं खरं कारण पेनड्राइव्ह आहे. प्रकल्पाची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तिथल्या विंडोजवरून शॉर्टकट व्हायरस घेऊन परततो. तुमच्या लिनक्सवर तो चालत नाही, पण तुम्ही तो मैत्रिणीच्या किंवा शाळेच्या विंडोजपर्यंत पोचवता.

यासाठी क्लॅमएव्ही पुरेसं आहे. "सुडो एपीटी इन्स्टॉल क्लॅमएव्ही" एवढंच द्या. "क्लॅमएव्ही-डीमन" हे वेगळं पॅकेज बसवू नका. ते व्हायरसच्या खुणांची पूर्ण यादी सतत रॅममध्ये धरून ठेवतं आणि त्यात एक जीबीच्या आसपास रॅम अडकते. २ जीबीच्या यंत्रात मग ब्राउझरही धड उघडत नाही. साधं "क्लॅमस्कॅन" तेवढीच रॅम घेतं, पण काम संपल्यावर सोडून देतं. म्हणून स्कॅन करताना ब्राउझर बंद ठेवा. सुरुवातीचं मिनिटभर पडदा स्तब्ध राहतो, यादी रॅममध्ये चढत असते.

यादी ताजी करण्याचं काम "फ्रेशक्लॅम" मागे आपोआप करतं. हाताने चालवायला गेलात तर लॉगची फाइल दुसऱ्याने अडवली आहे अशी चूक येते. म्हणजे ते आधीच चालू आहे, काही बिघडलेलं नाही.

पेनड्राइव्ह साफ करायची रीत:

१. पेनड्राइव्ह लावा, फाइल मॅनेजरमध्ये उघडा आणि कंट्रोल-एच दाबा. लपलेल्या फाइली दिसू लागतील.

२. "डॉट एलएनके", "डॉट व्हीबीएस" किंवा अनोळखी "डॉट ईएक्सई" दिसल्या तर त्यांना हात लावू नका. तुमच्या खऱ्या फाइली बहुधा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सरकवलेल्या असतात. विंडोजवर तो फोल्डर दिसत नाही, इथे दिसतो.

३. त्यातल्या फक्त ओळखीच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत लॅपटॉपवरच्या नव्या फोल्डरमध्ये घ्या.

४. टर्मिनलमध्ये "क्लॅमस्कॅन हायफन-आर हायफन-आय" आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता द्या. पहिल्या पर्यायाने आतले फोल्डर तपासले जातात, दुसऱ्याने फक्त बाधित फाइलींची नावं दाखवली जातात. "रिमूव्ह" चा पर्याय लावू नका. चुकीचा संशय आला तर चांगली फाइल कायमची जाते. नाव पाहून हाताने पुसा.

५. मेनूतून "यूएसबी स्टिक फॉरमॅटर" उघडून पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, मग साफ फाइली परत ठेवा. सगळ्या दुकानांतल्या यंत्रांवर फॅट३२ चालतं. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल न्यायची असेल तरच एक्सफॅट.

पेनड्राइव्हवर लिहिताच येत नसेल, तर तो बहुधा आधी "इजेक्ट" न करता उपटलेला असतो. प्रिंटसाठी एक वेगळा, लहान पेनड्राइव्ह ठेवून त्यात फक्त पीडीएफ न्यावी, आणि परत आल्यावर दर वेळी फॉरमॅट करावा. हे सगळ्यात सोपं.

आरकेहंटर आणि सीएचके-रूटकिट ही यंत्रणेत खोल लपलेलं घातक सॉफ्टवेअर शोधणारी साधनं नवख्याने बसवू नयेत. आरकेहंटरची शेवटची आवृत्ती २०१८ ची आहे, आणि दोन्ही साधनं निर्दोष फाइलींवर इशारे देतात. ते इशारे वाचता येत नसतील तर माणूस घाबरून चांगली यंत्रणा मोडतो. फेल२बॅन हे सर्व्हरसाठी आहे. तुमच्या लॅपटॉपवर बाहेरून लॉगिन करायची सोयच बसवलेली नाही, तर त्याला राखण करायला काही नाही.

प्रत

टाइमशिफ्ट यंत्रणेची प्रत ठेवतं, तुमच्या कागदपत्रांची नाही. हा गैरसमज महागात पडतो. ३२ जीबीच्या यंत्रावर टाइमशिफ्टच्या प्रती त्याच डिस्कवर ठेवल्या तर महिन्याभरात जागा संपते, म्हणून आठवड्याला एक, आणि एकूण दोनच प्रती ठेवा. बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवायच्या असतील तर ती ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली हवी, फॅट३२ किंवा एक्सफॅटची डिस्क टाइमशिफ्ट घेत नाही.

कागदपत्रांसाठी मिंटचं "बॅकअप टूल" किंवा साधी हाताने केलेली प्रत चालेल. गुणपत्रिका, उतारे, जातीचा दाखला, कीपासएक्ससीची फाइल, एवढं बाहेरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा उतरवा. ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका, दोन्ही एकदम चोरीला जातात. पावसाळ्यात तिला डबल प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा.